बिननाकाचं खानदान

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी 'आम्हाला आधी कल्पना दिली नाही' म्हणायला नको. हा लेख पर्शियन मांजर विकत घेण्याच्या विरुद्ध आहे. मांजरांच्या विरुद्ध नाही, आणि पर्शियाच्या म्हणजे इराणच्या विरुद्ध तर मुळीच नाही. बाजार, दुकान, कागद हे शब्द आपण तिकडूनच घेतले; ते परत केले तर आमच्या कळमनुरीत दिवसभर बोलायला काही उरणार नाही. तक्रार त्या मांजराबद्दलही नाही. त्या बिचाऱ्याने काही अर्ज करून हा जन्म मागितलेला नसतो. तक्रार आहे ती ते मागवणाऱ्यांबद्दल.

कळमनुरी हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथे श्रीमंती लपत नाही आणि गरिबीही लपत नाही. त्यामुळे ज्याच्या हातात पैसा खेळू लागतो, तो काहीतरी आणून दाराशी ठेवतो. आम्ही परभणी जिल्ह्यात होतो तेव्हा दाराशी फटफटी असली म्हणजे झालं. १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला, त्याच्या मागेपुढे दारापाशी चारचाकी दिसू लागली. मग नांदेडला फ्लॅट घेण्याची टूम निघाली. फ्लॅट काही उचलून दाराशी ठेवता येत नाही, म्हणून त्याची किल्ली बोटात फिरवत पानपट्टीवर उभं राहण्याची पद्धत पडली. आणि आता गेल्या काही वर्षांत पर्शियन मांजर आलं आहे. नांदेडहून किंवा हैदराबादहून, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत बसून, दहा-पंधरा हजार रुपये मोजून. मांजर घरात शिरायच्या आधी त्याचा फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलांत शिरतो. मग आपल्याला बोलावणं येतं.

"या ना एकदा मांजर पाहायला. एकदम प्युअर आहे!"

प्युअर हा शब्द मी आजवर तुपाबद्दल आणि सोन्याबद्दल ऐकला होता. दोन्ही बाबतींत तो उच्चारला गेला की माणसाने सावध व्हावं, एवढं व्यवहारज्ञान मला आहे. मी बँकेत कारकून आहे आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. समोर आलेल्या प्रत्येक इसमाकडे ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो मागणं हा आता माझा स्वभावच झाला आहे. चाळीस वर्षं गावात राहणाऱ्या पेन्शनर गुरुजींनासुद्धा आम्ही दर नोव्हेंबरात 'तुम्ही जिवंत आहात याचा दाखला आणा' असं तोंडावर सांगतो. मग पंधरा हजारांच्या मांजराची कागदपत्रं तपासू नयेत असं कुठे आहे? मी तपासली. म्हणजे मांजराच्या मालकाकडे नव्हतीच, इतिहासाकडून मागवली.

अर्जदाराचं नाव पर्शियन. मूळ पत्ता पर्शिया. इथपर्यंत ठीक आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा एक प्रवासी १६२० च्या सुमारास इराणात होता. खोरासान प्रांतातली लांब, रेशमी केसांची मांजरं पाहून तो इतका खूश झाला की ती रोमला न्यायचा बेत त्याने पत्रात लिहून ठेवला. पोर्तुगीज लोक ही मांजरं इराणातून हिंदुस्थानात नेतात, असंही त्याने नमूद केलं आहे. पुढे १६२३ साली तो स्वतः सुरतेला उतरला आणि गोव्यापर्यंत जाऊन आला. म्हणजे केसाळ मांजर आपल्या किनाऱ्याला लागलं त्याला चारशे वर्षं झाली. पोर्तुगीजांनी आपल्याला बटाटा दिला, पाव दिला, पगार हा शब्दही दिला. यातलं बटाटा, पाव आणि पगार कळमनुरीपर्यंत पोहोचले आणि मांजर तेवढं वाटेत राहिलं, याचा अर्थ आपल्या पूर्वजांना काय उचलावं आणि काय उचलू नये हे समजत होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. आज ज्याला आपण पर्शियन म्हणतो, ते मांजर घडवलं इंग्रजांनी. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तेव्हापासून मांजराला गुण देण्याची, बिल्ला देण्याची आणि जातवार रकान्यात बसवण्याची रीत पडली. साहेबाला रकाने आखण्याची हौस भारी. माणसांचे आखून झाले, मग मांजरांचे घेतले. अखेर २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या मांजरांचे जनुकीय नमुने ताडून पाहिले, तेव्हा पर्शियन मांजराचं नातं इराणच्या बाजूच्या मांजरांशी न जुळता पश्चिम युरोपातल्या साध्यासुध्या मांजरांशी जुळलं. कोबीच्या मंच्युरियनचा मंच्युरियाशी जेवढा संबंध, साधारण तेवढाच या पर्शियनचा पर्शियाशी उरला आहे. आमच्या बँकेत नावात आणि पत्त्यात एवढी तफावत निघाली असती तर खातं गोठवलं असतं.

आता दुसरा अर्जदार पाहा. हा अर्जदार अर्ज न करताच मोंढ्यात पोत्यावर झोपलेला असतो. अंगावर राखाडी पट्टे, एका कानाचा टवका उडालेला, शेपूट वाकडी. याला आपण गावठी म्हणतो आणि म्हणताना नाक मुरडतो. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगातल्या झाडून सगळ्या पाळीव मांजरांचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात दाखवलं. माणसाने शेती केली, धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. याचा अर्थ मांजराची पहिली नेमणूक धान्याच्या कोठारावर झाली. आमच्या मोंढ्यातला बोका हरभऱ्याच्या आणि सोयाबीनच्या थप्पीवर आजही त्याच मूळ पदावर काम करतो आहे. साडेनऊ हजार वर्षांची सलग सेवा. बढती नाही, महागाई भत्ता नाही आणि बदलीची मागणीही नाही. खानदान म्हणायचं तर मग याला म्हणा!

ओळखीचा पुरावा झाला. आता फोटो.

आपल्याकडे घराण्याची सगळी अब्रू नाकात असते. नाक कापलं जातं, नाक ठेचलं जातं, नाक वर राहतं, नाकावर माशी बसू दिली जात नाही. खानदानी पर्शियन मांजराला मात्र नाकच नसतं. असतं ते दोन डोळ्यांच्या मध्ये, एखाद्या बटणासारखं दाबून बसवलेलं. मुळात असं नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं पाहिली तर त्यांत केसाळ मांजराला सरळ, व्यवस्थित नाक दिसतं. पुढे प्रदर्शनांतल्या परीक्षकांना चेहरा जितका चपटा तितका गोड वाटू लागला. चपट्याशी चपटं जुळवत जुळवत विसाव्या शतकात त्यांनी नाक मागे ढकलत नेलं. आपल्याकडच्या विक्रेत्यांनी तर याचे दरपत्रक करून टाकलं आहे. साधा चेहरा तो 'डॉल फेस'. त्याहून चपटा 'सेमी पंच'. त्याहून चपटा 'पंच फेस'. आणि सर्वांत महाग 'एक्स्ट्रीम पंच'. पंच म्हणजे ठोसा. जन्मतःच ठोसा खाल्ल्यासारखा चेहरा, आणि ठोसा जितका जोरात तितका भाव जास्त! वस्तूत तूट असली की किंमत कमी करायची हे मी कॉलेजात शिकलो. तूट वाढेल तशी किंमत वाढते असा हा एकच व्यवहार माझ्या पाहण्यात आहे.

ठोशाचा हिशेब कोण फेडतं? मांजर. नाकाची नळी आखूड आणि चिमटलेली, म्हणून श्वास घेताना घुरघुर. मालक म्हणतो, "ऐका, किती लाडात आलीय!" डोळ्यांतून नाकात पाणी नेणारी बारीक नळी चेहऱ्याबरोबर वाकलेली, म्हणून ते पाणी गालावरून वाहतं आणि तिथे तपकिरी डाग पडतात. मालक म्हणतो, "फार हळवी आहे हो." जबडा आखूड, त्यामुळे दात वेडेवाकडे आणि ताटलीतला दाणा उचलताना त्रेधा. मालक म्हणतो, "खाण्याच्या बाबतीत भारी नखरेवाली." पिल्लांची डोकी मोठी, म्हणून बाळंतपण अडण्याची भीती. यावर मालक काही म्हणत नाही, कारण तोवर तो नांदेडच्या रस्त्याला लागलेला असतो.

याच्या जोडीला आतलं दुखणं आहे. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. आईबापांपैकी एकाकडून जरी सदोष जनुक आलं तरी पुरतं, आणि ते पिल्लाला मिळण्याची शक्यता रुपयाला आठ आणे. गाठी जन्मापासून असतात, सावकाश वाढतात आणि मांजर ऐन मध्यम वयात आलं की डोकं वर काढतात. चाचणी निघण्याआधीच्या काळात निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पर्शियन मांजरांत हा रोग आढळला होता. हे जनुक २००४ साली सापडलं आणि त्याची चाचणी उपलब्ध झाली. ज्या पैदासकारांनी ती प्रामाणिकपणे केली त्यांच्याकडे रोग घटला. आपल्याकडच्या विक्रेत्याला ती केली का म्हणून विचारून पाहा. तो मांजराचं शेपूट उचलून दाखवतो, "बघा साहेब, केस किती दाट!" २०१९ साली ब्रिटनमधल्या तीन हजारांहून अधिक पर्शियन मांजरांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या. मृत्यूच्या कारणांत मूत्रपिंडाचा विकार पहिल्या नंबरावर होता.

हे असं का होतं, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. आपल्या आजीला ते माहीत होतं. सोयरीक जुळवताना गोत्र एक निघालं की ती पत्रिका परत पाठवायची. खानदानी मांजरांत मात्र चेहरा टिकावा म्हणून घरातल्या घरातच जोड्या लावतात. बाप-लेक, भाऊ-बहीण, काही वर्ज्य नाही. खानदान म्हणजे एकाच वाड्यात गोल गोल फिरणारं रक्त. वाडा मोठा दिसतो, पण खिडक्या सगळ्या बंद असतात.

मराठवाड्याच्या माणसाने हे समजून घेऊ नये, याचं मला नवल वाटतं. जातिवंत जनावर म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. लाल कंधारी आमच्या शेजारच्या कंधारची, देवणी लातूरकडची. बैलबाजारात या जोडीपुढे उभा असलेला शेतकरी आठवा. तो दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावर हात फिरवतो, चालवून पाहतो, मागून पाहतो आणि मग उपरण्याखाली बोटं दाबत भाव करतो. धापा टाकणारा बैल 'किती गोड दिसतोय' म्हणून कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही. या जाती उन्हात औत ओढून, कडबा खाऊन टिकल्या. त्यांची परीक्षा शेताने घेतली. तिफणीमागे चालणाऱ्या त्याच शेतकऱ्याचा मुलगा मोबाइलवरच्या फोटोला अंगठा दाखवून मांजराचे पैसे पाठवतो, तेव्हा त्याच्या आजोबांनी स्वर्गात उपरणं झटकून खांद्यावर टाकलं असेल.

आता स्वभाव. विक्रेते सांगतात की पर्शियन मांजर शांत असतं, ओरडत नाही, पडद्यावर चढत नाही, दिवसभर कोचावर बसून राहतं. हे अगदी खरं आहे. इतकं सौम्य, इतकं सोशीक जनावर विरळा. तान्ह्या पोराने शेपूट ओढलं तरी फार तर उठून दुसरीकडे बसेल. त्याच्या चेहऱ्यावर नेहमी कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्याचा भाव असतो, पण मनात कोणाविषयी किल्मिष नसतं. माझं म्हणणं इतकंच की, जो सोसतो त्याच्यावर अधिक लादायचं, हा आपला राष्ट्रीय दुर्गुण मांजराच्या बाबतीत तरी आवरावा. गावठी मांजर असं ऐकून घेत नाही. त्याला बाहेर जायचं असलं की दार उघडेपर्यंत ते नरड्याच्या शिरा ताणून सभा घेतं. मांडीवर बसायचं की नाही हे तेच ठरवतं. तुमची आणि त्याची ओळख आहे, इतकंच ते मान्य करतं. मालकी मान्य करत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला असा बाणेदारपणा पाहूनच बरं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या एका आडत्याकडे शहजादी नावाची पांढरीशुभ्र पंच फेस मांजरी होती. मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि लाइट जाते. कोणी कितीही पैसेवाला असो, लाइट सगळ्यांची जाते. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम येतो तो पंजाच्या गादीला. बाकी थंडावा मिळवायचा तो अंग चाटून, आणि अगदीच जीव जायला लागला तर तोंड उघडून धापा टाकून. शहजादीच्या अंगावर डोंगरी थंडीसाठी केलेली रजई, आणि धाप टाकायला नाक नाही. कूलर बंद. सून मोबाइलवर डॉक्टर शोधत होती, मुलगा दुकानात होता. आडत्याच्या आईने, वय ऐंशीच्या पुढे, शहजादीला न्हाणीतल्या थंड फरशीवर ठेवलं, पंजे ओल्या फडक्याने पुसले आणि विंझणा घेऊन वारा घालायला बसली. दीड वाजल्यापासून साडेचारपर्यंत. मी पाण्याची कळशी घेऊन गेलो तेव्हा आजी हात बदलत होत्या.

"आजी, द्या मी घालतो वारा."

"राहू दे रे भाऊ." मग थोड्या वेळाने, मांजराकडेच पाहत त्या म्हणाल्या, "देवानं याला नाक दिलं व्हतं की. कोन्या मेल्यानं काढून घेतलं?"

शहजादी त्या दिवशी वाचली. घरात इन्व्हर्टर आला. पुढे सहाव्या वर्षी ती खूप पाणी पिऊ लागली, वाळत गेली आणि परभणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तपासणी करून दोन्ही मूत्रपिंडांतल्या गाठी दाखवल्या. आजींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणी दिलं नाही. ते मी वर दिलं आहे: नाक कोणा एकाने काढून घेतलं नाही. फोटो पाहून 'अय्या, किती गोड!' म्हणणाऱ्या प्रत्येकाने थोडं थोडं काढून घेतलं.

काही लोक म्हणतात, "तुम्हाला मेली काय अडचण? हौसेला मोल नसतं." हौसेला मोल असतं, ते मी रोज व्हाउचरवर लिहितो. हौस करणाऱ्याने ते स्वतः चुकवलं तर माझी हरकत नाही. भरजरी शालूचा त्रास नेसणारीला होतो, म्हणून तो हौसेत बसतो. इथे शालू तुमचा आणि घुसमट दुसऱ्याची.

दुसरा आक्षेप असा, "आम्ही सगळी निगा राखतो." फार चांगलं. मग निगेची यादी ऐका. केस रोज विंचरावे लागतात. चार दिवस खाडा झाला की काखेत आणि पोटाखाली जटा होतात, त्या कातडी ओढतात. उन्हाळ्यात न्हाव्याचं मशीन फिरवून मोकळं होऊ म्हणाल तर मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते. डोळे रोज ओल्या कापसाने पुसायचे. लसी वेळेवर टोचून घ्यायच्या. अंगात ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही द्यायची नाही. आपल्याला उतारा पडतो ती एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि आमच्या भागातली मुख्य पंचाईत जेवणाची. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसात असतं, भाजीपोळीत नसतं. ते मिळालं नाही तर दृष्टी जाते आणि हृदय फुगून निकामी होतं. हृदयाचं हे कारण १९८७ साली सिद्ध झालं. कांदालसूणही न खाणाऱ्या एका घरात खानदानी मांजराला तीन वर्षं दहीभात देत होते. "सात्त्विक आहे हो आमची," असं वर कौतुक! गावठी मांजराला दहीभात दिला तर ते तो खातं आणि उरलेली घटनादुरुस्ती रात्री उंदरांत करून घेतं. कोचावरच्या शहजादीला ती सोय नाही.

दवाखान्याचं म्हणाल तर तालुक्याच्या गावी जनावरांचे डॉक्टर असतात, पण त्यांचा दिवस अडलेल्या म्हशीत आणि लंगड्या बैलात जातो. खांद्यापर्यंत हात घालून वासरू काढणाऱ्या माणसापुढे एकदम रेशमी टोपली ठेवून "हिचे डोळे का पाणावतात?" असं विचारणं हा दोघांवरही अन्याय आहे.

तिसरा आक्षेप जरा टोकदार आहे. "जातीवरून मांजराला नावं ठेवता? हा जातीयवाद नाही का?" हा प्रश्न मला आमच्याच शाखेतल्या एका चहाबाज सहकाऱ्याने विचारला आणि वर मिटक्या मारल्या. उत्तर सोपं आहे. जन्माला आलेल्या एकाही मांजराविरुद्ध मी नाही. ज्यांच्या घरी आज पर्शियन आहे त्यांनी ते नीट सांभाळावं, त्याला थंड खोली द्यावी, मांस घालावं, शस्त्रक्रिया करून घ्यावी म्हणजे पुढची पिढी त्याच दुखण्यात जन्मणार नाही, आणि बदली झाली म्हणून मोंढ्यात सोडून जाऊ नये. हेही घडतं. कोचावर वाढलेलं मांजर मोंढ्यात सोडणं म्हणजे फाइलीत वाढलेल्या कारकुनाला औतावर सोडणं. मी स्वतः किती तास टिकेन याची मला कल्पना आहे. माझा विरोध पुढच्या ऑर्डरीला आहे. मागणी थांबली तर ठोसा मारणारा हात थांबेल. हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला असतं.

आणि कायद्याच्या भरवशावर कोणी बसू नये. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ साली केंद्राने नियम केले. त्यांच्या नावातच कुत्रा आहे, मांजर नाही. २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले. दुकानाची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं ते सांगतात. पण मोबाइलवरून बसस्टँडवर हातोहात टोपली देणाऱ्याचं दुकान कोणतं आणि पाटी कुठली? तेव्हा तपासणी ज्याने त्याने करायची. इतकं सांगून घ्यायचंच असेल तर पिल्लाची आई डोळ्यांनी पाहा, मूत्रपिंडाच्या चाचणीचा कागद मागा आणि नाक बोटाने चाचपून पाहा. विक्रेत्याला राग आला तर समजा की कागद नाही.

थांबा, अजून पुढची टूम येऊ घातली आहे. कान दुमडलेल्या स्कॉटिश फोल्ड मांजराचे फोटो गावात फिरू लागलेत. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर दुमडल्या कानांची एक मांजरी दिसली, तिथून ही जात निघाली. कान दुमडतो कारण कूर्चा कच्ची असते. आणि कूर्चा फक्त कानात नसते, ती सांध्यासांध्यात असते. म्हणजे गोड कानाच्या बदल्यात जन्मभर ठणकणारे सांधे. नाक झालं, आता कान. शेपटीची पाळी केव्हा येते ते पाहायचं.

कळमनुरीहून थोडं वर गेलं की नर्सी लागते, नामदेव महाराजांचं गाव. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. ही आख्यायिका आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हे सातशे वर्षांत एकाही कीर्तनकाराने सांगितलेलं नाही आणि एकाही श्रोत्याने विचारलेलं नाही. तो भुकेला होता, इतकी माहिती सगळ्यांना पुरली. ज्या जिल्ह्यात ही गोष्ट घडली म्हणतात, त्याच जिल्ह्यात आज दारी आलेल्या मांजराला "हाड्!" म्हणून हाकलतात आणि पंधरा हजारांचं मागवतात. हे मला बघवत नाही, म्हणून हा कागद काळा केला.

नुसता विरोध करून मी थांबणार नाही, पर्यायही देतो. आमच्या गल्लीत, लाकडाच्या वखारीमागे, एका पट्ट्यापट्ट्याच्या मांजरीला चार पिल्लं झाली आहेत. आठ आठवडे पुरे झाले की ज्यांना हवी त्यांनी न्यावीत. तपशील पुढीलप्रमाणे. जात: विचारू नये. कागदपत्रं: नाहीत. किंमत: रोज दोन वेळचं खाणं, एकदा लस आणि वेळेवर शस्त्रक्रिया. हमी: उंदरांबाबत पूर्ण, पडद्यांबाबत शून्य. नाक: प्रत्येकी एक, जागच्या जागी.